दारातलं पाणी

अलिबागच्या इस्रायल आळीत आमच्या शेजारच्या घराची किल्ली दोन पावसाळे माझ्या आजीकडे होती. पितळेची, लांब दांड्याची, काळा दोरा बांधलेली. आजी ती देवघराच्या कोनाड्यात निरांजनामागे ठेवायची. शेजारची मावशी नवऱ्याला आणि दोन मुलींना घेऊन १९७४ साली इस्रायलला गेली, तेव्हा घराला गिऱ्हाईक मिळालं नव्हतं. निघताना तिने किल्ली आजीच्या हातात दिली आणि म्हणाली, "काकू, पावसाआधी एकदा कौलं तेवढी बघून घ्या." आजीने कौलं तर चाळून घेतलीच, शिवाय दर शनिवारी दिवस मावळला की ती ते घर उघडून झाडून काढायची. दिवसाउजेडी का नाही, असं मी विचारलं. ती म्हणाली, शनिवारी त्या घरात कामाला हात लावत नाहीत, मग आपण तरी कशाला लावायचा?

मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. त्या घराच्या परसात घाण्याचा एक जुना दगड पडलेला होता. मधे खळगा. पावसाळ्यात त्यात पाणी साठायचं आणि चिमण्या आंघोळीला यायच्या. मावशीचे आजेसासरे त्या घाण्यावर तेल गाळत. कोकणातल्या ज्यूंना, म्हणजे बेने इस्रायलांना, आमच्याकडे 'शनवार तेली' म्हणायचे ते यामुळेच: धंदा तेलाचा आणि शनिवारी घाण्याचा बैल सोडलेला. नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बुडालेल्यांना तिथेच पुरलं, ही त्यांची मूळकथा. ती कधी घडली, कशी घडली यावर विद्वानांनी खुशाल वाद घालावा. नवगावच्या त्या जुन्या दफनभूमीत संध्याकाळचं उभं राहिलं की मला तरी वाद सुचत नाही. पोथ्या समुद्रात गेल्या, भाषा विसरली. राहिला तो शनिवारचा विसावा, सुंता, खवल्यांचेच मासे खायचा नेम आणि 'शेमा' ही एक प्रार्थना. एवढ्या शिदोरीवर ही माणसं पिढ्यान्पिढ्या ज्यू राहिली, आणि त्याच वेळी पेणकर, रोहेकर, नवगावकर, किहीमकर, दिवेकरही झाली.

त्यांच्या सणांची मराठी नावं मला अजून पाठ आहेत. योम किप्पूर म्हणजे दारफाळणीचा सण; त्या दिवशी दार लावून घ्यायचं, कुणाकडे जायचं नाही, कुणाला घरात घ्यायचं नाही. आणि एक बिरड्याचा सण. जेरुसलेमचं मंदिर रोमनांनी इसवी सन ७० मध्ये पाडलं, त्याच्या शोकाचा उपास करायचा आणि तो वालाचं बिरडं खाऊन सोडायचा. मावशी आदल्या रात्री वाल भिजत घालायची. मोड आलेले वाल आम्ही पोरं सोलू लागायचो, बोटांना तो उग्र हिरवा वास दिवसभर राहायचा, आणि मावशी सांगायची, आमचं देऊळ पाडलं ना, म्हणून हे. कधी पाडलं, असं विचारलं की म्हणायची, झाली असतील दोनेक हजार वर्षं. परवा घडल्यासारखं सांगायची.

आज मला या आठवणीचं महत्त्व त्या काळापेक्षा फार जास्त वाटतं. एखादं ठिकाण हातातून गेल्यावर माणसं ते किती काळ जपू शकतात, हे मी पुस्तकात वाचण्याआधी वालाच्या सालींत पाहिलं.

मग मावशी का गेली? कोकणात त्यांना कुणी त्रास दिला नव्हता. देऊळ जाळलं नाही, आळीवर चालून गेलं नाही. पोर्तुगीजांचा अंमल सोडला, तर ज्या देशात ज्यूंचा ज्यू म्हणून छळ झाला नाही असे देश थोडे, त्यांत आपला आहे, आणि ही अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास वीसेक हजार बेने इस्रायल भारतात होते. पुढच्या काही दशकांत त्यांतले बहुतेक निघून गेले. कुणी धर्माच्या ओढीने, कुणी आधी गेलेल्या भावामागे, कुणी इंग्रज गेल्यावर रेल्वेतल्या आणि सरकारी नोकऱ्यांचं पुढे काय होईल या काळजीने. मावशीच्या नवऱ्याचे दोन भाऊ आधीच तिकडे होते. ती स्वतः म्हणायची, "आजीने मरताना येरुशलायमचं नाव घेतलं होतं. मला वाटलं, तिच्या वतीने बघून यावं." बघून यावं, म्हणाली. राहायला चालले असं तिच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही.

मावशीला घर मिळालं लोद गावात.

या गावाचं अरबी नाव अल-लिद्द, इंग्रजांच्या कागदात लिड्डा. शाळकरी वयात माझ्यासाठी ते पोस्टाच्या तिकिटावरचं गाव होतं. पत्र यायचं मराठीत, मोडक्या पण मायाळू अक्षरात: इथे शिकुनमध्ये दुसऱ्या मजल्यावर घर आहे, नळाला पाणी भरपूर, वाल मिळत नाहीत. 'शिकुन' म्हणजे सरकारने एकासारख्या एक बांधलेल्या चाळवजा इमारती, हे आम्हाला तिनेच कळवलं. त्या जमिनीवर आधी काय होतं, हे तिच्या पत्रात नव्हतं. तिलाही कुणी सांगितलं नव्हतं.

मला ते कळायला चाळिशी उजाडली. आणि कळल्यावर मी अनेक रात्री वाचत बसलो, कारण एका घराची गोष्ट मला आतून ठाऊक होती आणि तिच्याच खाली दुसरी गोष्ट गाडलेली होती.

सुरुवात खूप मागे जाते, पण मला ती एका माणसापाशी करावीशी वाटते. एडविन मॉंटेग्यू. आपल्या शालेय इतिहासात मॉंटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांमध्ये हे नाव येतं आणि परीक्षा झाली की विसरलं जातं. १९१७ मध्ये हे भारतमंत्री होते आणि ब्रिटिश मंत्रिमंडळातले एकमेव ज्यू. पॅलेस्टाईनमध्ये ज्यूंचं राष्ट्रीय घर उभं करायला पाठिंबा द्यायचा विचार मंत्रिमंडळात चालला होता, आणि त्याला सगळ्यात कडवा विरोध त्यांनी केला. त्यांचं म्हणणं असं, की अशाने जगभरचे ज्यू आपापल्या देशात परके ठरतील, आणि पॅलेस्टाईनच्या आजच्या रहिवाशांना हुसकावलं जाईल. ऑक्टोबरमध्ये ते हिंदुस्थानच्या दौऱ्यावर निघाले. २ नोव्हेंबर १९१७ रोजी, ते वाटेत असताना, परराष्ट्रमंत्री बाल्फोर यांचं त्या पाठिंब्याचं पत्र निघालं. ज्या भूमीबद्दल ते होतं तिथल्या दर दहा माणसांतले साधारण नऊ अरब होते, आणि पत्रात त्यांचा उल्लेख 'तिथले बिगरज्यू समाज' असा होता. स्वतःच्या गावात माणसाला 'बिगर' म्हणून मोजायचं, यातच पुढचं पुष्कळसं आलं असं मला वाटतं.

पण मॉंटेग्यूंना जे दिसलं नाही तेही तितकंच खरं आहे. सोळा वर्षांत जर्मनीत हिटलर आला. साठ लाख ज्यू मारले गेले. जहाजं भरभरून निघालेल्या माणसांना एकेका बंदराने दार लावलं, आणि खुद्द ब्रिटिशांनी १९३९ मध्ये पॅलेस्टाईनमध्ये येणाऱ्यांच्या संख्येवर मर्यादा घातली. ज्यांचं सगळं घरदार भट्टीत गेलं त्यांना 'दुसरीकडे जा' म्हणायला जगाकडे 'दुसरीकडे' नव्हतंच. त्यांच्या त्या गरजेबद्दल शंका घेणाऱ्याशी मला बोलायचं नाही. किंमत मात्र युरोपने भरली नाही. ती लिद्दसारख्या गावांनी भरली.

१९४७ पर्यंत तिथे दोन्ही बाजूंनी रक्त सांडून झालं होतं. १९२९ मध्ये हेब्रॉनमध्ये सदुसष्ट ज्यू मारले गेले होते; १९३६ ते ३९ चं अरबांचं बंड इंग्रजांनी फासावर चढवून आणि घरं उडवून मोडलं होतं. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी संयुक्त राष्ट्रांनी फाळणीचा ठराव केला, ३३ विरुद्ध १३ मतांनी. नुकतीच स्वतःची फाळणी भोगलेल्या भारताने विरोधात मत दिलं. ज्यू नेतृत्वाने ठराव स्वीकारला, अरबांनी नाकारला. त्या नकाशात लिद्द आणि शेजारचं रामले ही दोन्ही गावं अरब राज्यात होती.

जुलै १९४८. इस्रायलची घोषणा होऊन दोन महिने झालेले, अरब देशांच्या फौजा उतरून युद्ध चालू. रमझानचे दिवस. आसपासच्या खेड्यांतून पळून आलेल्यांनी लिद्द फुगलेलं होतं. मशिदी, चर्च, शाळा माणसांनी भरलेल्या. ११ तारखेला इस्रायली तुकडी जीपमधून गोळीबार करत गावातून गेली. १२ तारखेला जॉर्डनच्या काही चिलखती गाड्या गावात शिरल्या, गोळीबार झाला, आणि त्यानंतर इस्रायली सैनिक गावावर तुटून पडले. लष्कराच्याच नोंदीत त्या दिवशी मेलेल्यांचा आकडा २५० च्या आसपास आहे. त्याच दिवशी लेखी हुकूम निघाला: लिद्दच्या रहिवाशांना वय न पाहता तातडीने बाहेर काढावं. खाली सही यित्झाक राबिन या सव्वीस वर्षांच्या अधिकाऱ्याची.

लिद्द आणि रामले मिळून पन्नास हजारांवर माणसं निघाली. रामलेतल्यांना बरंचसं अंतर बसमधून नेलं, लिद्दच्या लोकांना पायी. पूर्वेला, डोंगराच्या दिशेने, रामल्लाच्या वाटेला. जुलैचं ऊन, सावली नाही, वाटेत नाक्यांवर दागिने आणि पैसे काढून घेतलेले. पाठीवर म्हातारी, कडेवर पोर. ज्यांनी भांडीकुंडी घेतली होती त्यांनी ती टाकली, मग गाठोडी टाकली. पाणी नव्हतं. तहानेने किती मेले याचे आकडे वेगवेगळे सांगतात, आणि मला त्या आकड्यांच्या भांडणात पडायचं नाही. विहिरीपाशी झुंबड उडाली, माणसं चिखल चोखत होती, हे त्या वाटेने गेलेल्यांनीच सांगितलेलं आहे. लिद्दमध्ये मागे जेमतेम हजारेक अरब राहिले.

त्या वर्षी एकूण सात लाखांहून जास्त पॅलेस्टिनी घराबाहेर पडले. काही युद्धाच्या भीतीने, काही बंदुकीच्या धाकाने. ते सगळ्याला मिळून एक शब्द वापरतात, नकबा. संकट. जाताना घराला कुलूप लावून किल्ली बरोबर घेतली, कारण आठवड्याभरात परतायचं होतं. ११ डिसेंबर १९४८ ला संयुक्त राष्ट्रांनी ठराव केला की ज्यांना परतून शेजाऱ्यांशी शांततेने राहायचं आहे त्यांना परतू द्यावं. परतू दिलं नाही. १९५० मध्ये कायदा झाला आणि गेलेल्यांची मालमत्ता 'गैरहजर' माणसाची म्हणून सरकारजमा झाली. त्याच साली दुसरा कायदा झाला, जगातल्या कुठल्याही ज्यूला तिथे येऊन राहायचा हक्क देणारा. त्या दुसऱ्या कायद्याच्या बळावर माझी मावशी गेली.

रिकाम्या लिद्दमध्ये मग माणसं भरली. छळछावण्यांतून वाचलेले आले. बगदादहून, मोरोक्कोहून आले, ज्यांना स्वतःच्या शतकानुशतकांच्या गावांतून उठावं लागलं होतं. एकट्या इराकमधून १९५०-५१ मध्ये लाखाच्या वर ज्यू निघाले, आणि त्यांच्याही मागे कुलपं राहिली. त्या अन्यायाबद्दल कुणी फारसं बोलत नाही, म्हणून इथे लिहितो. आणि आले आमचे कोकणातले.

आमच्या लोकांचं स्वागत बरं झालं नाही. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला इस्रायलच्या बीरशेबा गावात युरोपातून आलेल्या गोऱ्या ज्यूंना पांढरा पाव आणि आम्हाला काळा, अशी तक्रार मुंबईच्या वर्तमानपत्रांपर्यंत आली होती. १९५१-५२ मध्ये बेने इस्रायलांच्या एका गटाने तेल अवीवमध्ये, स्थलांतराचं काम पाहणाऱ्या संस्थेच्या दारात धरणं धरलं: आम्हाला भारतात परत पाठवा. आणि परत पाठवलं गेलं, शंभराहून जास्त माणसांना, त्यांचा खर्च करून. मुंबईत उतरल्यावर त्यांतल्या बहुतेकांना उमगलं की इथेही आता आपलं काही उरलं नाही, आणि त्यांनी पुन्हा इस्रायलला जाऊ द्या म्हणून अर्ज केले. त्यांना पुन्हा नेलं गेलं. पुढे तिथल्या धर्मपीठाने त्यांच्या ज्यूपणावरच शंका घेतली, लग्नाआधी आई-आजीचा वंश तपासायचा फतवा काढला. त्यावर १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये ठिय्या दिला आणि ऑगस्टमध्ये संसदेकडून 'हे सर्वार्थाने ज्यू आहेत' असं वदवून घेतलं. कोकणी माणूस हटून बसला की बसला. मला या लढ्याचा मनापासून अभिमान आहे.

पण ती ये-जा माझ्या डोक्यातून जात नाही. आमची माणसं रुसून परत आली, पस्तावून परत गेली. दोन्ही वेळा त्यांच्यासाठी दार उघडलं. त्याच वेळी लिद्दची माणसं आपल्या गावापासून तीसेक किलोमीटरवर रामल्लाजवळच्या अमारी छावणीत तंबूत राहत होती, आणि त्यांच्यासाठी एकदाही उघडलं नाही. मला या संघर्षाबद्दल काही समजलं असेल तर ते एवढंच, आणि ते मी तह-करारांतून शिकलेलो नाही.

भारत आणि इस्रायल यांचे पूर्ण राजनैतिक संबंध २९ जानेवारी १९९२ रोजी जुळले. पुढच्याच हिवाळ्यात मावशी अलिबागला आली. तोवर ते घर विकून सोळा वर्षं झाली होती, नव्या मालकांनी पुढची पडवी बंद करून तिथे शिलाईचं दुकान काढलं होतं. मावशी आळीत शिरली, घरासमोर थांबली. आत जावं की नाही, हे तिला कळेना. एवढ्यात आतून त्या वहिनीच आल्या. "मावशी ना? याऽ, तुमचंच घर आहे." त्यांनी तिला स्वयंपाकघरात नेलं, चुलीची जागा दाखवली, पाटावर बसवून चहा दिला. परसातला घाण्याचा दगड तसाच होता. मावशी त्याच्यावर हात ठेवून बराच वेळ उभी होती. मग आमच्याकडे येऊन आजीच्या फोटोपुढे रडली.

२०१८ मध्ये मी लोदला गेलो. मावशी चौऱ्याहत्तर वर्षांची, गुडघे गेलेले, मराठी अजून अलिबागची आणि मधेमधे हिब्रू. तिच्या टीपॉयवर 'मायबोली'चे अंक होते, तिथल्या मराठी ज्यूंचं नियतकालिक. मी आलो म्हणून तिने मलिदा केला. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गूळ, वेलची, भोवती फळं मांडलेली, आणि एलियाहू हन्नबीचं गाणं. एलियाहू हा त्यांचा पाठीराखा प्रेषित. नवस त्यालाच बोलायचा. अलिबागजवळ त्याच्या रथाच्या चाकांची खूण दाखवतात, तिथे मीही लहानपणी तिच्या कमरेला धरून गेलो होतो.

दुसऱ्या दिवशी ती मला गावात घेऊन गेली, हळूहळू, काठी टेकत. लोदमध्ये सेंट जॉर्जचं चर्च आणि मशीद भिंतीला भिंत लावून उभी आहेत. ख्रिस्ती माणसं म्हणतात, खाली जॉर्जची कबर आहे. मुसलमान त्याच संताला अल-खिद्र म्हणून मानतात, अडल्यानडल्याच्या हाकेला धावणारा, कधी न मरणारा. आणि त्या भूमीत खिद्र आणि एलियाहू हे एकच, असं मानणारी माणसं पूर्वापार आहेत. हैफातल्या एलियाहूच्या गुहेत तिन्ही धर्मांची माणसं नवस फेडायला जात आली आहेत. हे मी मावशीला सांगितलं. ती भिंतीकडे बघत म्हणाली, "म्हणजे आपलाच की रे हा." आणि काठी काखेत धरून तिने हात जोडले, कोकणात जोडतात तसे.

जुन्या भागातून परतताना मी एका पडक्या कमानीत जात्यासारखे अवाढव्य दगड पाहिले. लिद्द हे ऑलिव्हच्या तेलाचं गाव होतं. घाणे होते, तेलाचा साबण बनायचा. एक उभा दगड आडव्या तळीवर फिरायचा, त्याला जनावर जुंपायचे. तळीच्या कडेला तेल वाहून जायला खोबण. मावशी खोबणीवरून बोट फिरवत होती. तिच्या अलिबागच्या परसातल्या दगडालाही तशीच खोबण होती. तेली तेल्यांच्या गावी येऊन राहिला होता आणि त्याला चव्वेचाळीस वर्षं ते कुणी सांगितलं नव्हतं.

त्या रात्री तिने मला विहिरीची गोष्ट सांगितली.

येऊन चारेक वर्षं झाली होती. १९६७ च्या युद्धात इस्रायलने जॉर्डन नदीचा पश्चिम किनारा आणि गाझा घेतले होते, त्यामुळे मधली सीमा उघडली होती, आणि छावण्यांतली माणसं आपली जुनी घरं बघायला बसने यायची. बघून जायची, राहता यायचं नाही. एका दुपारी मावशीच्या इमारतीखाली एक म्हातारी आली. भरतकाम केलेला काळा झगा, बरोबर एक पोरगा. इमारतीच्या मागे अंगणात एका जुन्या विहिरीवर सिमेंटचं झाकण घातलेलं होतं, त्यावर बायका गाद्या वाळत घालायच्या. म्हातारी तिथे जाऊन थांबली. गादीची कड उचलून तिने सिमेंट चाचपलं. मग वर बघितलं. खिडकीत मावशी होती. म्हातारीने हाताची ओंजळ करून तोंडाशी नेली.

"तहान लागली असेल म्हणून मी पाणी घेतलं," मावशी म्हणाली. "ती जिना चढून वर आली. मी दारात ग्लास दिला. प्यायली. आणखी मागितलं, आणखी दिलं. काहीतरी बोलली, मला कुठे अरबी येत होतं? मी आपलं 'बरं हां, बरं हां' म्हटलं. गेली."

एवढंच. आम्ही दिवा मालवून झोपलो.

नंतरचा इतिहास सगळ्यांना ठाऊक आहे आणि मला तो भराभर सांगून टाकावासा वाटतो. लिद्दमधून हाकलल्या गेलेल्यांत जॉर्ज हबश नावाचा डॉक्टरकीचा तरुण होता. त्याने पुढे विमानं पळवणारी संघटना काढली. १९७२ मध्ये त्याच संघटनेसाठी तीन जपान्यांनी लोदच्याच विमानतळावर गोळ्या झाडून सव्वीस जण मारले, त्यांत सतरा प्वेर्तो रिकोहून आलेले यात्रेकरू होते. ज्याने लिद्द रिकामं करायच्या हुकुमावर सही केली त्या राबिन यांनी पंतप्रधान म्हणून १३ सप्टेंबर १९९३ ला वॉशिंग्टनमध्ये पॅलेस्टिनी नेते यासर अराफत यांचा हात हातात घेतला, आणि ४ नोव्हेंबर १९९५ ला एका ज्यू माथेफिरूने त्यांना गोळ्या घातल्या. मधे आणि नंतर दगडांचा उठाव, बसमधले बॉम्ब, भिंत. आणि या सगळ्या काळात, सरकार कुठलंही असो, पश्चिम किनाऱ्यावर इस्रायली वसाहती वाढत राहिल्या. करार करताना एका हाताने सही आणि दुसऱ्या हाताने जमीन, हे मला कधीच पटलेलं नाही, आणि मावशीच्या तोंडावरही मी ते बोललो आहे.

मे २०२१ मध्ये लोद पेटलं. गावात आज तीसेक टक्के अरब आहेत. एक अरब तरुण गोळीने मेला, एक ज्यू माणूस दगडाने. ज्यूंची प्रार्थनास्थळं जाळली, मशिदीवर हल्ला झाला, आणीबाणी लागली. त्या मेलेल्या ज्यू माणसाचं मूत्रपिंड एका अरब बाईला बसवलं, हेही त्याच आठवड्यात घडलं. मावशीच्या इमारतीत वरच्या मजल्यावर अरब कुटुंब राहतं. तीन रात्री दोन्ही घरांनी जिन्यात एकत्र पहारा दिला.

मग ७ ऑक्टोबर २०२३. हमासने सीमेवरच्या गावांत शिरून सुमारे बाराशे माणसं मारली, २५१ ओलीस नेली. म्हाताऱ्या बायका, पाळण्यातली मुलं. मी फोन लावला तेव्हा मावशी जिन्यात बसली होती. मिक्लातपर्यंत, म्हणजे सार्वजनिक आसऱ्यापर्यंत, गुडघे चालत नव्हते. मागे भोंगा ऐकू येत होता. काही दिवसांनी तिच्या नातवाला राखीव दलात बोलावलं आणि तो गाझात गेला. गाझात, जिथली दोन तृतीयांशाहून जास्त माणसं १९४८ च्या निर्वासितांची मुलं-नातवंडं आहेत. तिथे साठ हजारांवर माणसं मेल्याची मोजणी तिथलं आरोग्य खातं देतं, त्यांत हजारो मुलं. अख्खी शहरं भुईसपाट. भुकेने हाडं निघालेली लेकरं. सात ऑक्टोबरचा राग मला समजतो, आणि तरीही हे जे केलं त्याला मी दुसरा शब्द वापरणार नाही: हे पाप आहे.

आमच्या शाळेच्या ग्रुपवर त्या दिवसांत रोज झुंज लागायची. एकांना इस्रायल म्हणजे शौर्य, बस्स. दुसऱ्यांना सात ऑक्टोबरची मेलेली माणसं मोजणीतच धरायची नव्हती. अलिबागच्याच मुलांनी, इस्रायल आळीत खेळून मोठं झालेल्यांनी, 'सगळे साफ करून टाका' असं लिहिलं. मी ग्रुप सोडला नाही. दर वेळी लोदबद्दल लिहीत राहिलो, कुणी वाचो न वाचो. दोन हजार वर्षं बिरडं खाऊन आपलं देऊळ जपणाऱ्यांचं मोल ज्याला कळतं, त्याने पंचाहत्तर वर्षं किल्ली जपणाऱ्याला 'विसर आता' म्हणू नये.

गेल्या पावसाळ्यात मावशीशी बराच वेळ बोलणं झालं. ती आता कॉटवरच असते. नातू परत आला आहे, बोलत नाही, रात्री दिवा लावून झोपतो. ती म्हणाली, काहीतरी सांग, तुझ्या वाचनातलं. मी कधी सांगितलं नव्हतं ते सांगितलं. जुलै महिना, रमझान, तिच्याच गल्लीतून निघालेली माणसं, डोंगराची वाट, टाकलेली गाठोडी, विहिरींवरची झुंबड, चिखल.

बराच वेळ ती गप्प होती. मला वाटलं फोन तुटला.

"ती म्हातारी," ती म्हणाली. "ती त्या विहिरीचीच असणार."

"असेल."

"दोनदा पाणी मागितलं रे तिने." मग थांबून म्हणाली, "दारातच दिलं मी. आत ये म्हटलं नाही."